कोळशाची भिंत, फिरती सावली

साल १९६९. मुंबईत नेपियन सी रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये तुम्ही येऊन पोहोचला आहात. खोलीत लाल दिवा सोडला तर काळोख आहे, रसायनांचा आंबूस वास आहे, आणि टेबलावर उथळ ट्रे ओळीनं मांडलेत. या प्रवासाचा नियम एकच: कोणाला तुम्ही दिसत नाही आणि तुमची सावली कशावरही पडत नाही. वाटेल तिथे उभे राहा, वाटेल तितकं जवळ जा.

ही जागा चित्रकार अकबर पदमसींनी उभी केली आहे. त्यांना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून स्वतःपुरता स्टुडिओ घेऊन ते मोकळे झाले असते. त्याऐवजी त्यांनी कॅमेरे आणि छपाईची साधनं आणली आणि चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले यांना सांगितलं, या आणि करून बघा. नाव ठेवलं व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप. ही कार्यशाळा १९७२पर्यंत, जेमतेम तीनेक वर्षं चालणार आहे. आपल्याकडच्या कलेच्या इतिहासात तिच्या वाट्याला फार थोड्या ओळी आल्या. मला तो अन्याय वाटतो. भारतातल्या व्हिडिओ आर्टचं मूळ शोधत गेलं की माणूस याच दारापाशी येतो.

ट्रेशी उभी असलेली तरुणी २३ वर्षांची आहे. नलिनी मलानी. जन्म १९४६चा, कराचीचा. फाळणीत घरदार सोडून आलेल्या कुटुंबातली तान्ही मुलगी मुंबईत वाढली आणि नुकतीच जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडली आहे. तिच्या हातांकडे बघा. फोटोचा कोरा कागद टेबलावर ठेवला जातो. त्यावर वस्तू मांडल्या जातात. वरून क्षणभर पांढरा दिवा लागतो, विझतो. कागद ट्रेमध्ये सोडला जातो. आधी काहीच दिसत नाही, मग कडेकडेनं कागद काळवंडायला लागतो. जिथे उजेड पोहोचला तिथे काळा, जिथे वस्तूनं उजेड अडवला तिथे पांढरा. कॅमेरा नाही, भिंग नाही. सावलीच थेट कागदावर उतरली आहे.

हे नीट बघून ठेवा. पुढची ५० वर्षं ही बाई सावलीवरच काम करणार आहे.

त्याच फ्लॅटमध्ये, त्याच वर्षी मलानींनी एक छोटी फिल्म केली. साधनं म्हणजे प्रतिकृतीतली घरं, त्यांच्यावर रंगीत दिवे, आणि एकेक चौकट थांबून टिपणारा ८ मिलिमीटरचा कॅमेरा. नाव ‘ड्रीम हाउसेस’. लाल, पिवळे, निळे ठोकळे उजळतात, सरकतात, एकमेकांत मिसळतात. स्वतंत्र देशात शहरं नव्यानं बांधायची, प्रत्येकाला डोक्यावर छप्पर, उजेड, हवा द्यायची, हे त्या काळातल्या वास्तुरचनाकारांचं स्वप्न त्या ठोकळ्यांत आहे. आता सात वर्षं पुढे सरका. १९७६, फिल्म कृष्णधवल. एक तरुणी उंचावरच्या खिडकीतून खाली मुंबईकडे बघते आहे. रंगीत ठोकळ्यांचं शहर काही बांधलं गेलं नाही. या दोन्ही फिल्म शेजारीशेजारी दाखवायच्या, असं मलानींनी ठरवलं आणि जोडीला ‘युटोपिया’ म्हटलं. दोन पडदे आणि मधे तुम्ही. एकाकडे बघताना दुसरा डोळ्याच्या कोपऱ्यातून निसटतो, आणि कुठे बघायचं ते तुमचं तुम्हाला ठरवावं लागतं. प्रेक्षकाला असं मधोमध उभं करणं ही इथे सापडलेली युक्ती त्यांनी पुन्हा कधी सोडली नाही.

मधली वर्षं आपण भराभर ओलांडू. फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिस, १९७३ला परत. मग क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळीतला स्टुडिओ. वायरी, स्विच आणि दिव्यांचा घाऊक बाजार, हातगाड्या, डोक्यावर खोकी घेतलेले हमाल. ही माणसं त्यांच्या कागदांवर आली, झेरॉक्स होऊन पुन्हा पुन्हा आली आणि प्रत्येक वेळी त्यांच्यावर नवा हात फिरला. १९८७पासून माधवी पारेख, नीलिमा शेख, अर्पिता सिंग यांच्याबरोबर चौघींचं प्रदर्शन गावोगाव हिंडलं, तेव्हा फक्त बायकांच्या चित्रांचं प्रदर्शन ही भारतात नवलाची गोष्ट होती.

आणि आता १९९२. काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्या चढा. तळमजल्यावर ‘समोवार’ भरलेलं आहे. रेल्वेच्या डब्यासारख्या त्या लांबट जागेत पराठे, पुदिन्याचा चहा, आणि एका चहावर दोन तास बसलेले चित्रकार. तिथे रेंगाळू नका, वर या. पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधींची गॅलरी केमोल्ड, १९६३पासून इथेच. हुसेन, तैयब मेहता, भूपेन खक्कर, सगळ्यांची चित्रं या लहानशा जागेत टांगली गेली आहेत.

आज काही टांगलेलं नाही. फ्रेम नाही, खिळा नाही, किमतीची यादी नाही. चित्र थेट भिंतीवर काढलं आहे.

नाक भिंतीला लागेल इतके जवळ जा. कोळशाची कांडी दाबून ओढली आहे तिथे रेघ गच्च काळी आहे आणि तिच्याखाली भुकटीचे बारीक कण भिंतीच्या खरखरीत कणांवर अडकून राहिलेत. हात हलका झाला तिथे रेघ तुटक होते, चुना मधूनमधून डोकावतो. बोटानं घासलेल्या जागी करडं धुकं आहे. हा कोळसा पक्का केलेला नाही. तुम्ही सदेह असतात तर बाहीच्या एका धक्क्यानं एखादा चेहरा पुसला गेला असता. आता दोन पावलं मागे या. भिंत एकदम माणसांनी भरते. या शहरात येऊन पडलेली, आशेनं आलेली, गर्दीत हरवलेली माणसं. एकाच्या अंगावर दुसऱ्याची बाह्यरेषा चढली आहे, मोठ्या देहाच्या आड लहान देह आहेत. कामाचं नाव ‘सिटी ऑफ डिझायर्स’.

प्रदर्शन १५ दिवसांचं आहे. पंधरवडा संपला की भिंतीवर पांढरा हात फिरणार. हे अपघातानं किंवा जागेची अडचण म्हणून होणार नाही. ते कामाचाच भाग आहे आणि आधीपासून ठरलेलं आहे.

इथे थोडं थांबू, कारण माझ्या मते मलानींच्या सगळ्या कामाचा गाभा या खोलीत आहे. या कामाला निमित्त झालं ते राजस्थानात: नाथद्वाऱ्याला १९व्या शतकातली भित्तिचित्रं होती. त्यांच्यावर कोणी घण घातला नाही. ती निष्काळजीपणानं गेली. त्याच वर्षांत देशभर संस्कृतीच्या नावानं मोठमोठ्या घोषणा चालल्या होत्या. वारशाचा जयघोष रस्त्यावर, आणि खरा वारसा मात्र भिंतीवरून पोपडे होऊन खाली. या विसंगतीचा निषेध कसा करायचा? लेख लिहिता येतो, पत्रक काढता येतं. मलानींनी स्वतःचं चित्र पणाला लावलं. तुम्ही पंधरा दिवस येऊन जे पाहाल ते सोळाव्या दिवशी नसेल, आणि तेव्हा तुम्हाला काय वाटतं ते बघा, असा तो डाव होता.

रांगोळी पुसली जाते, त्यात काय विशेष, असं कोणी म्हणेल. पण रांगोळी उद्या पुन्हा घालायची असते. हाताला वळण असतं, नवा दिवस ठरलेला असतो. इथे पुन्हा घालणं नाही. चित्र विकत घेता येत नाही, उतरवून घरी नेता येत नाही. त्याची काळजी घेण्याची एकच पद्धत उरते: ते आठवणं. आणि आठवण विश्वासू नसते. डावीकडची ती बाई बसली होती की वाकली होती, इथपासून वाद सुरू होतात. भिंतीवरची जबाबदारी अशी प्रेक्षकांच्या डोक्यात येऊन पडते. चित्र जपणं हे संग्रहालयांचं काम आहे असं धरून आपण निवांत असतो. या खोलीनं तो निवांतपणा काढून घेतला. केमोल्डनंही विकायला काहीच नसलेल्या कामाला आपली भिंत दिली, हे त्या गॅलरीचं मोठेपण मी मानतो.

तुम्ही भविष्यातून आला आहात, म्हणून भिंतीवरच्या या गर्दीत उभं राहणं तुम्हाला जड जाईल. हे वर्ष संपण्याआधी ६ डिसेंबर, बाबरी मशीद पाडली जाण्याचा दिवस, येणार आहे. मग मुंबईत डिसेंबरची आणि जानेवारीची दंगल. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानं पुढे ९०० मृत्यूंची नोंद केली. भिंतीवर त्यातलं काहीही नाही, कारण ते अजून घडलेलं नाही. तरीही जी माणसं सर्वांत आधी पुसली जातील तीच भिंतीवर आहेत. ही भविष्यवाणी नव्हती. शहराकडे रोज, जवळून पाहणाऱ्या बाईचं ते निरीक्षण होतं.

१९९३ला मलानी मॅक्सम्युलर भवनात गेल्या आणि अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्याबरोबर नाटककार हायनर म्युलरच्या ‘मेडिया’वर नाट्यप्रयोग केला. चित्र, देह आणि आवाज पहिल्यांदा इतके जवळ आले. ते दार फक्त उघडून बघा आणि पुढे चला.

१९९९. जवळच प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. इथली गर्दी गॅलरीतल्या गर्दीपेक्षा वेगळी आहे. शाळेच्या सहली, मुंबई बघायला आलेली गावाकडची कुटुंबं, भुसा भरलेले प्राणी बघून आलेली आणि अजून दमलेली नसलेली पोरं. मलानींना हीच माणसं हवी आहेत. समकालीन कला कळत नाही म्हणून घाबरणारं इथे कोणी नाही, कारण आपण समकालीन कलेत शिरतो आहोत हे त्यांना ठाऊकच नाही.

अंधाऱ्या दालनात जा. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका आहेत, झाकणं उघडी. आपल्या आज्यांच्या खाटेखाली असायच्या तशाच, कडी-कोयंड्याच्या. आत अंथरूण-पांघरूण, आणि त्यात खुपसलेले टीव्हीचे पडदे. एक मुलगा वाकून बघतो. आत माणसं चालली आहेत, डोक्यावर बोचकी घेऊन, मैलोन् मैल. घर सोडून जाणाऱ्यांची जुनी चित्रफीत. ट्रंकेत काय भरायचं आणि काय मागे ठेवायचं, हा प्रश्न फाळणीत लाखोंना पडला. कराचीहून निघालेल्या एका घरालाही पडला असेल. मात्र मलानी स्वतःच्या घराची गोष्ट इथे सांगत नाहीत. त्यांनी उर्दू कथाकार मंटोची गोष्ट सांगितली आहे. कामाचं नाव ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’. लाहोरच्या वेड्यांच्या इस्पितळातला बिशनसिंग, ज्याला आपलं गाव हिंदुस्थानात की पाकिस्तानात हे कोणी धड सांगत नाही, आणि जो दोन देशांच्या मधल्या बेवारस पट्ट्यात कोसळतो.

आता मान वर करा. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका आहेत, एक या बाजूची, एक त्या बाजूची. दोघी मिळून एका साडीची घडी घालू पाहतात. धुतलेली साडी दोघींनी चार टोकं धरून ताणायची, झटकायची, पुढे येऊन टोकाला टोक लावायचं. हे काम तुम्ही घरी पाहिलं आहे, कदाचित एक टोक धरलंही आहे. त्यासाठी समोरची पुढे यावी लागते. इथे एक या भिंतीवर, दुसरी पलीकडच्या भिंतीवर, मधे अख्खं दालन. तिसऱ्या पडद्यावर अणुस्फोट होतो. मे १९९८मध्ये भारतानं पोखरणला चाचण्या केल्या, त्याच महिन्यात पाकिस्ताननं चगाईला. दोन्हीकडे पेढे वाटले गेले. मलानींनी त्याला दिलेलं उत्तर म्हणजे ही न होणारी घडी.

आणि तुम्ही कुठे आहात? दोघींच्या बरोबर मधे. ज्या जमिनीवर उभे आहात ती दोन्ही भिंतींची नाही.

मलानींच्या कामावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: त्यात फार संदर्भ असतात. मंटो, ब्रेश्ट, म्युलर, ग्रीक पुराणं, महाभारत. वाचलेलं नसेल तर कळणार कसं? आक्षेप खोटा नाही. त्यांच्या काही कामांत आवाजांची इतकी दाटी होते की श्वास कोंडतो. पण ट्रंकेत डोकावणाऱ्या त्या मुलाला मंटो कोण ते माहीत नव्हतं. त्याला ट्रंक माहीत होती. चांगल्या कामात शिरायला असं एखादं बुटकं दार असतं.

पुढचा टप्पा लांबचा. जर्मनीतलं कासेल, २०१२चा उन्हाळा. १९४३च्या बॉम्बहल्ल्यात या गावाचा जुना भाग बेचिराख झाला. १९५५पासून इथे काही वर्षांच्या अंतरानं १०० दिवसांचं कलाप्रदर्शन भरतं. त्याचं नाव डॉक्युमेंटा, आणि हे तेरावं आहे.

दालनात छतापासून पाच मोठी पारदर्शक नळकांडी टांगली आहेत, मायलर नावाच्या प्लॅस्टिकच्या तावांची, माणूस सहज आत उभा राहील एवढी. ती संथ फिरतात. जवळच्या नळकांड्यापाशी थांबा आणि रंग कसा बसला आहे ते पाहा. चित्र पारदर्शक तावाच्या आतल्या बाजूनं काढलं आहे. ही उलट चित्रणाची रीत मलानी बडोद्याच्या भूपेन खक्करांकडून शिकल्या. काचेवर चित्र काढणारे जुने कारागीर असंच काढत. त्यात सगळा क्रम उलटा होतो. एरवी चेहरा रंगवून शेवटी डोळ्यातला चमकता ठिपका देतात, इथे तो ठिपका आधी. मग बुबुळ, मग डोळा, मग गाल, आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. दुरुस्तीला जागा नाही, कारण पहिला फटकाराच पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ असतो.

या नळकांड्यांतून प्रोजेक्टरचा झोत जातो. चित्रफीत आणि चित्रांच्या सावल्या एकमेकींवर चढून चारी भिंतींवरून सरकू लागतात. प्राणी, देवता, तुटलेले अवयव, धावणारी माणसं. एक बाई बोलते आहे. कामाचं नाव उर्दू कवी फैज यांच्या कवितेवरून आलं आहे: सांडून नाहीशा झालेल्या रक्ताचा माग. आत क्रिस्टा वोल्फची कसांड्रा आहे, जिला सगळं आधीच दिसतं आणि जिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. महाश्वेता देवींची द्रौपदीही आहे, जंगलातली दोपदी. सावल्यांचा असा खेळ मराठी वाचकाला परका नाही. आपल्याकडे पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या दिव्यासमोर नाचवून रामायण उभं करतात. तिथे प्रेक्षक पडद्याच्या अलीकडे बसतो आणि सावली पलीकडून येते.

कासेलमध्ये पडदा असा एका जागी नाही. तुम्ही एक पाऊल टाकता आणि समोरच्या भिंतीवर एक काळी आकृती हलते. खांदे ओळखीचे आहेत. प्रवासाचा नियम इथे मोडला: तुमची सावली पडली आहे. धावणाऱ्या माणसांच्या मधे, त्या बाईच्या चेहऱ्यावर तुम्हीच उभे. चेहरा दिसावा म्हणून बाजूला झालात तर सावली दुसऱ्या कोणावर जाते. तिचा आकार तुम्ही दिव्यापासून किती लांब आहात यावर ठरतो. जवळ गेलात तर राक्षसाएवढी, लांब गेलात तर बाकीच्यांएवढी. कोणावर अत्याचार होताना आपण नुसते पाहत होतो, असं म्हणण्याची सोय या खोलीत नाही. नुसतं पाहणाराही उजेड अडवतो. केमोल्डमध्ये तुमच्याकडे आठवण ठेवण्याचं काम होतं, म्युझियममध्ये तुम्ही मधे उभे होता. आता भिंतीवर आहात. वीस वर्षांत मलानींनी प्रेक्षकाला एवढा पुढे आणला, आणि हे मला त्यांच्या कोणत्याही एका चित्रापेक्षा मोठं काम वाटतं.

पुढे कुंचलाही बाजूला पडला. सत्तरी ओलांडलेल्या मलानी आयपॅडवर बोटानं चित्रं काढू लागल्या. रेघ काढायची, ती चौकट ठेवायची, थोडं पुसायचं, पुन्हा काढायचं. अशा शेकडो चौकटींतून काही सेकंदांचं हलतं चित्र होतं. २०१८मध्ये कठुआला आठ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यातून ‘कॅन यू हिअर मी?’ निघालं. २०२०मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत अशी ८८ चलचित्रं विटांच्या भिंतींवर धडाधड उमटत होती. मुलगी दोरीवर उड्या मारते आणि तिच्यावरून शब्द वाहून जातात. आवाजाची पट्टी चढलेली, रेघ घाईची. काहींना हे ओबडधोबड वाटलं. संताप सुबक असावा अशी अपेक्षा मला कळत नाही.

शेवटचा मुक्काम लंडनची नॅशनल गॅलरी, २०२३. त्याच वर्षी त्यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. अंधाऱ्या दालनात नऊ प्रोजेक्टर आहेत. याच इमारतीतली जगप्रसिद्ध चित्रं, काराव्हाज्जोची, ब्राँझिनोची, भिंतींवर तुकड्यातुकड्यानं उजळतात आणि त्यांच्या अंगावर मलानींची बोटांनी काढलेली माणसं चालू लागतात. सोनेरी चौकटीत ज्यांना कधी जागा मिळाली नाही ती माणसं. बाहेरच्या दालनांत मूळ चित्रं शांतपणे टांगलेली आहेत. इथून बाहेर पडल्यावर ती पाहाल तेव्हा एखाद्या चित्रातल्या टेबलामागच्या अंधारात कोण उभं असेल असा विचार मनात येतोच.

बाकावर बसा, घाई करू नका. नऊ फिती एकमेकींशी बांधलेल्या नाहीत. एक संपते तेव्हा दुसरी अर्ध्यात असते आणि तिसरी नुकती सुरू होते. त्यामुळे भिंतीवरचा हा मेळ पुन्हा जसाच्या तसा जुळत नाही. तुम्ही डावीकडे बघत होता तेव्हा उजवीकडे एक बाई येऊन गेली. शेजारी बसलेल्या माणसानं ती पाहिली असेल. त्याला विचारा, ती काय करत होती.